पहारा कोठें चुकला?

ज्या दुकानांत तुम्ही वह्या विकत घेतां, तेथें हातानें लिहिलेली पावती आतां क्वचितच मिळते. दुकानदार वस्तूवरील काळ्या रेघांवर तांबडा प्रकाश टाकतो, आणि क्षणार्धांत किंमत, कर व बेरीज छापून बाहेर येते. हा झाला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा कीं, त्याच वेळीं साठ्याच्या खतावणींतून एक वही वजा होते, रोजकीर्दींत रक्कम जमा होते, आणि सरकारास द्यावयाचा कर निराळा मांडून ठेवला जातो. हीं सर्व कामें जी आज्ञावली करते, तिला व्यापारी सॉफ्टवेअर म्हणतात. पूर्वीं पेढीवरील मुनीम जें करीत, तेंच ती करते. फरक इतकाच कीं, मुनिमास "ही रक्कम येथें कां मांडलीत?" असें विचारतां येत असे. आज्ञावलीस असा प्रश्न विचारावयाचा तर तिच्या वाटेवर पहारा बसवावा लागतो.

या पहाऱ्यास ब्रेकपॉइंट असें नांव आहे. आपण त्यास थांबा म्हणूं. तुमच्यापैकीं कित्येकांचे आईवडील किंवा वडील बंधुभगिनी पुण्यामुंबईकडे याच उद्योगांत असतील. त्यांस हा शब्द रोजचा आहे. परंतु थांबा लावूनही आज्ञावली थांबली नाहीं, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न जाणत्यांसही फसवितो. त्या चुकीपायीं एका प्रामाणिक माणसावर कसा प्रसंग आला, तें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. म्हणून या पाठासाठीं आम्हीं हा विषय निवडला.

थांबा म्हणजे काय?

या कल्पनेचा उगम फार जुना आहे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत एनिॲक नांवाचा प्रचंड संगणक बांधण्यांत आला, व १९४६ सालच्या फेब्रुवारींत तो लोकांपुढें मांडण्यांत आला. त्या यंत्रास काम सांगावयाचें म्हणजे एका कपाटांतून दुसऱ्या कपाटांत तारा जोडावयाच्या. मधेंच काम थांबवून आंतील आंकडे पाहावयाचे असल्यास तेथील तार उपटून काढीत. म्हणजे साखळी त्या बिंदूशीं तुटे. ही युक्ति काढण्याचें श्रेय त्या यंत्रावर काम करणाऱ्या बेटी स्नायडर (विवाहानंतर बेटी होल्बर्टन) या विदुषीस दिलें जातें. ब्रेकपॉइंट या नांवाचा अर्थही हाच: तोडण्याचा बिंदु.

आतां तार उपटावी लागत नाहीं. डीबगर नांवाचें एक साधन असतें. त्यास "या ओळीवर थांब" असें सांगितलें कीं पुरें. इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरावर तें साधन पुढील युक्ति करतें. त्या ओळीच्या यंत्रभाषेंतील आज्ञेचा पहिला बाइट तें काढून घेतें, जपून ठेवतें, आणि त्याच्या जागीं २०४ हा अंक ठेवतें. प्रोसेसर चालत चालत त्या अंकापाशीं आला कीं, त्यास "थांब आणि वर्दी दे" अशी आज्ञा मिळते. मग डीबगर मूळ बाइट परत बसवितो, आणि आपण निवांतपणें आंतील आंकडे वाचतों.

या वर्णनांत एक गोष्ट दडलेली आहे, ती नीट ध्यानांत घ्या. पहारा बसतो तो कागदावर लिहिलेल्या ओळीवर नव्हे. एका विशिष्ट ठिकाणीं चालत असलेल्या एका विशिष्ट प्रतीवर. ती प्रत निराळी असली, ती दुसरीकडे चालत असली, किंवा तिची वाटच निराळी असली, तर पहारेकरी आपल्या जागीं जागा राहतो आणि जाणारा निघून जातो.

शहाऐंशी बाटल्या

कांहीं वर्षांपूर्वीं एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामांत वार्षिक मोजदाद झाली. पुस्तकांत जितक्या तेलाच्या बाटल्या होत्या, त्यांहून गोदामांत ८६ कमी भरल्या. गोदामाचे कारकून त्या जागीं बरींच वर्षें होते. केस पांढरे झालेले, बोलणें थोडें. मालकांच्या व्यवस्थापकांनीं त्यांचा त्या महिन्याचा पगार रोखून ठेवला, व सॉफ्टवेअर तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. आमच्या हाताखालीं एक तरुण होता, हुषार आणि उतावळा.

त्या पेढीचा हिशेब सॅपच्या सॉफ्टवेअरवर चाले. सॅप ही जर्मनींतील कंपनी १९७२ सालीं आयबीएम सोडून आलेल्या पांच जणांनीं स्थापिली. तिच्या सॉफ्टवेअरवर जगांतील असंख्य कारखाने व पेढ्या चालतात, आणि तिची स्वतःची आबाप नांवाची भाषा आहे. पेढीनें त्या भाषेंत आपल्या सोयीसाठीं कांहीं लहान आज्ञावल्या पदरच्या माणसांकडून लिहून घेतल्या होत्या. माल बाहेर गेला कीं गोदामाच्या खतावणींतून बाटल्या वजा करणारी आज्ञावली त्यांपैकींच एक.

तरुणानें चांचणीसाठीं ठेवलेल्या प्रतींत त्या आज्ञावलीच्या पहिल्या ओळीवर थांबा लावला, आणि एक खोकें बाहेर पाठविल्याची नोंद केली. थांबा लागला नाहीं. पुन्हां केली. पुन्हां नाहीं. तेव्हां तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, ही आज्ञावली चालतच नाहीं. म्हणजे खतावणींतील आंकडे दुरुस्तीच्या पडद्यावरून कोणीतरी हातानें बदलत असलें पाहिजे. तो अधिकार तर काकांनाच आहे."

कारकून दाराशींच उभे होते. ते इतकेंच म्हणाले, "साहेब, माल मोजून दिला आहे. पुस्तकाला हात लावलेला नाहीं."

आम्हीं तरुणास विचारलें, "तुम्हीं नोंद केल्यावर खतावणी बदलली कीं नाहीं, तें पाहिलेंत काय?" त्यानें पाहिलें नव्हतें. आतां पाहिलें, तों शेवटच्या बदलाची वेळ त्याच मिनिटाची, आणि बदल करणाराच्या जागीं नांव त्याचें स्वतःचें. म्हणजे वाटेनें कोणीतरी गेलें होतें खास. पहारेकऱ्यास तें दिसलें नव्हतें. "पहारेकऱ्यानें पाहिलें नाहीं" आणि "कोणी गेलें नाहीं" हीं दोन वाक्यें एक नव्हेत. मग आम्हीं दोघांनीं मिळून एकेक प्रश्न क्रमानें विचारला. तो क्रम पुढें देतों. व्यापारी सॉफ्टवेअर कोणतेंही असो, तो उपयोगीं पडतो.

पांच प्रश्न

पहिला प्रश्न: प्रत तीच आहे काय? आपण पडद्यावर वाचतों ती ओळ आणि यंत्र चालवितें ती ओळ यांत अंतर पडूं शकतें. आबापमध्यें आज्ञावली नुसती जतन करून भागत नाहीं, ती सक्रिय करावी लागते. तोंपर्यंत जुनी सक्रिय प्रतच चालत राहते. इतर भाषांत सुधारलेल्या मजकुराचें यंत्रभाषेंत पुन्हां रूपांतर केलें नसेल, किंवा नवी प्रत सर्व्हरवर ठेवावयाची राहिली असेल, तरी तोच प्रकार. व्हिज्युअल स्टुडिओ या साधनांत थांब्याचें चिन्ह भरींव तांबड्या टिकलीऐवजीं पोकळ वर्तुळ झालें, तर तें साधन आपणांस सांगत असतें कीं, चालत्या आज्ञावलीशीं या ओळीची गांठ मला घालतां येत नाहीं. लिहिलेली ओळ आणि यंत्रांतील आज्ञा यांचा मेळ घालणारी एक निराळी फाइल असते. ती सांपडली नाहीं, किंवा जुनी असली, म्हणजे असें होतें. शिवाय वेग वाढविण्यासाठीं रूपांतर करतांना कांहीं ओळी एकत्र केल्या किंवा गाळल्या जातात. गाळलेल्या ओळीवर पहारा कसा बसणार? आमच्या तरुणानें पाहिलें. प्रत सक्रिय होती, व तीच होती.

दुसरा प्रश्न: वाट तीच आहे काय? आज्ञावलींत "असें असेल तर इकडे, नाहींतर तिकडे" असे फांटे पदोपदीं असतात. ज्या फांट्यावर आपण उभे, त्या फांट्यावरून या वेळीं जाणें झालेंच नसेल. कधीं उत्तर पूर्वींच काढून जवळ ठेवलेलें असतें, व तेंच परत दिलें जातें. मग हिशेब करणारा भाग चालतच नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. थांबा उगमाकडे न्यावा, म्हणजे जेथून वाट निश्चितपणें सुरू होते तेथें लावावा. तेथें तो लागला कीं निम्म्या वाटेवर लावावा, आणि असें करीत कोठें वाट वळते तें शोधावें. आम्हीं नोंदीच्या पडद्यामागील पहिल्या ओळीवर थांबा लावला, तो लागला. तेथून पाऊल पाऊल पुढें गेलों, तों खतावणीच्या आज्ञावलीस हांक मारणारी ओळही आली. वाट बरोबर होती. हांक मारली गेली, पण आंत शिरणें झालें नाहीं. यंत्र सरळ पुढच्या ओळीवर गेलें.

तिसरा प्रश्न: पहारेकऱ्यास कांहीं अट घातली आहे काय? "संख्या शंभराहून अधिक असेल तरच थांब", "दहाव्या खेपेसच थांब", अशा अटी थांब्यास घालतां येतात, आणि घातलेली अट मनुष्य विसरतो. कित्येकदां सर्व थांबे एकदम बंद ठेवण्याची कळ दाबलेली असते. आबापमध्यें कांहीं आज्ञावल्यांवर "सिस्टिम" असा शिक्का असतो. तशी परवानगी निराळी दिल्यावांचून डीबगर त्यांच्या आंत थांबत नाहीं. येथें असें कांहींच नव्हतें.

चौथा प्रश्न: माणूस तोच आहे काय? सॅपमधील साधा थांबा, ज्यास सेशन ब्रेकपॉइंट म्हणतात, तो लावणाऱ्याच्या त्या वेळच्या प्रवेशापुरताच असतो. बाहेर पडतांच तो नाहींसा होतो. दुसऱ्या संगणकाकडून किंवा संकेतस्थळावरून आलेल्या मागणीवर तो लागत नाहीं. तेथें एक्स्टर्नल ब्रेकपॉइंट लावावा लागतो, आणि ती मागणी ज्या वापरकर्त्याच्या नांवानें येते तें नांव बरोबर द्यावें लागतें. आपण आपल्या नांवानें पहारा बसविला, आणि मागणी दुसऱ्याच नांवानें आली, तर गांठ पडत नाहीं. आमच्या तरुणानें नोंद स्वतःच, स्वतःच्या प्रवेशांतून केली होती. येथेंही चूक नव्हती.

उरला पांचवा प्रश्न: घर तेंच आहे काय? आणि गोम येथेंच होती.

मागच्या खोलींतील कारकून

मोठ्या पेढींत समोरच्या खिडकीवरील कारकून गिऱ्हाइकाचें ऐकून चिठ्ठ्या लिहितो, व सर्व चिठ्ठ्या पुऱ्या झाल्यावर त्यांचा गठ्ठा मागच्या खोलींत पाठवितो. तेथें दुसरा कारकून त्या एकदम खतावणींत चढवितो. हेतु असा कीं, मधेंच कांहीं विघ्न आलें तर एका पुस्तकांत नोंद झाली आणि दुसऱ्यांत राहिली, असें अर्धवट कांहीं होऊं नये. सॅपमध्यें हीच व्यवस्था आहे. पडद्यावरील काम एक प्रक्रिया करते. खतावण्या बदलण्याच्या आज्ञा ती नुसत्या जमवून ठेवते. शेवटीं "कमिट वर्क" ही आज्ञा आली कीं, अपडेट टास्क नांवाची निराळी प्रक्रिया त्या सर्व पार पाडते. खतावणीची आज्ञावली अशा रीतीनेंच बोलाविली होती. म्हणून हांक मारल्यावर यंत्र आंत शिरलें नाहीं; त्यानें केवळ चिठ्ठी टाकली. आमचा पहारेकरी समोरच्या खिडकीशीं डोळ्यांत तेल घालून उभा होता, आणि काम मागच्या खोलींत होत होतें.

यास उपाय आहे. कमिट होण्यापूर्वीं डीबगर चालू करून त्याच्या सेटिंगांत "अपडेट डीबगिंग" हा पर्याय निवडावा. मग मागच्या खोलींतील प्रक्रिया सुरू होतांच तिच्यासाठीं डीबगरची दुसरी खिडकी उघडते, व तेथें थांबा लागतो. रात्रीं आपोआप चालणाऱ्या कामांचेंही असेंच आहे. त्यांच्यासमोर पडदा नसतो. म्हणून साधा थांबा तेथें लागत नाहीं, आणि आज्ञावलींतच लिहिलेला थांबा केवळ यंत्राच्या रोजनिशींत एक ओळ लिहून पुढें जातो. तेथें कामांच्या यादींतून तें काम निवडून त्यास डीबगर जोडावा लागतो. आणि जेथें एकाच आज्ञावलीचे अनेक सर्व्हर असतात, तेथें आपली मागणी कोणत्या सर्व्हरनें घेतली, हें आधीं पाहावें.

तरुणानें तो पर्याय निवडून पुन्हां एक खोकें पाठविलें. या वेळीं दुसरी खिडकी उघडली, आणि थांबा लागला. एकेक आंकडा तो मोठ्यानें वाचूं लागला: "खोकीं एक. दर खोक्यास बाटल्या दहा. वजा दहा."

मागें उभे असलेले कारकून पुढें झाले. "दहा? अहो, खोक्यांत बारा असतात. दिवाळीपासून कंपनीनें खोकें मोठें केलें."

खोलींत कोणी बोलेना. आवक नोंदतांना नवा आंकडा, बारा, बरोबर लागत होता. जावकेच्या आज्ञावलींत मात्र दहा हा आंकडा कोणीतरी कायमचा लिहून ठेवला होता. दर खोक्यामागें दोन बाटल्या पुस्तकांत उगाच शिल्लक दिसत होत्या. दिवाळीपासून बाहेर गेलेलीं नवीं खोकीं आम्हीं मोजलीं. तीं ४३ निघालीं. ४३ दुणे ८६.

त्या दिवशीं संध्याकाळीं व्यवस्थापकांनीं सर्वांसमक्ष कारकुनांची क्षमा मागितली, व पगार हातांत दिला. तरुण त्यांच्यापुढें जाऊन म्हणाला, "काका, थांबा लागला नाहीं, म्हणजे कोणी गेलें नाहीं, असें मीं धरून चाललों. चूक माझी." खरें पाहतां चूक आमचीही होती. चांचणीच्या पहिल्याच नोंदींत दहा बाटल्या वजा झालेल्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. वेळ व नांव आम्हीं वाचलें, पण आंकडा वाचला नाहीं. आणि खोक्यांत बाटल्या किती, हें ज्यास ठाऊक होतें, त्यास आम्हीं विचारलें नाहीं.

एक सावधगिरीची सूचना

अशी तपासणी चांचणीच्या प्रतींतच करावी. चालत्या व्यवहारांत थांबा लावून आपण विचार करीत बसलों, तर ज्या नोंदीस आपण कुलूप लावलें आहे, ती उघडेपर्यंत इतर कारकुनांची कामें अडून राहतात. काम संपल्यावर लावलेले थांबे काढून टाकावे; आणि तपासणीसाठीं आज्ञावलींत घातलेल्या ओळी तर आठवणीनें काढाव्या.

स्वाध्याय

शाळेच्या संगणकावर पायथन भाषा असल्यास पुढील प्रयोग करा. २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून तींत ब्रेकपॉइंट या नांवाचीच आज्ञा आहे. प्रत्येक वेळीं आधीं वहींत "थांबेल" किंवा "थांबणार नाहीं" असें कारणासह लिहा. मगच आज्ञावली चालवा.

(१) दोन फंक्शनें लिहा. थांबा दुसऱ्यांत लावा, आणि हांक पहिल्यासच मारा.

(२) एक ते दहा अंकांची फेरी लिहा. अंक दहाहून मोठा असेल तरच थांबा लागावा अशी अट घाला. मग अट बदलून "दहा किंवा अधिक" अशी करा.

(३) थांबा नसलेली आज्ञावली जतन करा. मग तींत थांबा लिहा, पण जतन न करतां आज्ञांच्या खिडकींतून चालवा. यंत्रानें कोणती प्रत चालविली?

(४) पायथनब्रेकपॉइंट या नांवाच्या परिस्थिति-चलास शून्य ही किंमत द्या, आणि दुसरा प्रयोग बदललेल्या अटीसह पुन्हां करून पहा. सर्व पहारेकरी एकदम निजलेले आढळतील.

जेथें तुमचें भाकीत चुकेल, तेथें वरील पांच प्रश्नांपैकीं कोणता विचारावयाचा राहिला, तें त्याखालीं लिहा. तीच ओळ त्या वहींतील सर्वांत मोलाची.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं सर्वच कांहीं संगणकाचा उद्योग पत्करणार नाहींत. कोणी वैद्य होतील, कोणी शिक्षक, कोणी न्यायाधीश. परंतु प्रत्येकास कधींना कधीं असा प्रसंग येईल कीं, आपण जेथें पाहिलें तेथें कांहीं दिसलें नाहीं. त्या वेळीं "कांहीं घडलेंच नाहीं" असें म्हणण्यापूर्वीं आपण योग्य दाराशीं उभे होतों काय, हें आधीं विचारा. विशेषतः त्या उत्तरावर दुसऱ्याची अब्रू अवलंबून असेल, तेव्हां तर अवश्य विचारा.